कलौंजी आणि काशीराम घाडीचं नाक

पंतनगरात काशीराम घाडीच्या नाकाला मान होता. दिसायला ते नाक साधंच. मध्यम उंचीचं, शेंड्याला थोडं बसकं, सावंतवाडीच्या बाजूला दर चौथ्या घरात मिळेल असं. पण आमच्या बिल्डिंगीत दूध नासलंय की नुसतं उतू गेलंय, तूप घरचं की विकतचं, गॅस गळतोय की शेजारी कोणी मुळा किसतोय, असे प्रश्न निघाले की लोक काशीरामला बोलावत. तो यायचा, डोळे मिटायचा, एक श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. त्यावर अपील नसे.

हा अधिकार त्याला नोकरीतून मिळाला होता. आग्रा रोडवर प्रेमजी शेठचं मसाल्याचं गोदाम होतं. दलाल पोत्यातून मूठभर जिरं, धणे नाहीतर मिरी काढून काशीरामच्या नाकाखाली धरायचे. काशीराम तोंडानं काही बोलत नसे. त्याच्या चेहऱ्याच्या तीन अवस्था होत्या. डावी भुवई वर गेली की माल पास. ओठ दाबले गेले की माल ठीक, भाव उतरवा. आणि तिसरी अवस्था म्हणजे सगळा चेहराच हळूहळू मागे मागे जायचा, लांबच्या नात्यातलं कोणी गेल्याची तार आल्यासारखा. या तिसऱ्या चेहऱ्यानं भल्या भल्या दलालांना घाम फुटायचा.

त्याआधी काशीराम गिरणीत होता. गिरणीचा संप संपला की नाही हे आजही कोणी नक्की सांगू शकत नाही, पण काशीरामची नोकरी संपली. त्याच्याच गावचा आणि आमच्याच बिल्डिंगीतला धोंडू परब शेठकडे पुड्या भरायला होता. त्यानं काशीरामला पोती उचलायला लावून घेतलं. पहिल्याच दिवशी जिऱ्याच्या थप्पीजवळून जाताना काशीरामच्या नव्या चपलेचा खिळा टाचेत घुसला आणि त्याचा चेहरा तिसऱ्या अवस्थेला गेला. शेठनं ते पाहिलं आणि थप्पी उपसायला लावली. तळाची पोती ओली निघाली, बुरशी धरलेली. शेठ काशीरामकडे पाहत राहिला. काशीराम टाच चोळत होता, पण त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. त्या दिवसापासून पोती दुसऱ्यांनी उचलली आणि काशीरामनं हुंगली.

असं हे नाक त्र्याऐंशीपासून बिनतक्रार चाललं होतं. शहाऐंशी सालच्या मार्गशीर्षात काशीरामला मोठी सर्दी झाली. सर्दी गेली, जाताना नाकातला वास घेऊन गेली.

ही गोष्ट त्याला जेवायला बसताना कळली. शेवंतीवहिनी आत सुकट भाजत होत्या आणि काशीरामनं विचारलं, "आज काय केलंय?" शेवंतीवहिनींचा हात तव्यावरच थांबला. सुकट भाजताना काय केलंय असं विचारणारा मालवणी माणूस एकतर देवाघरी असतो किंवा पुण्याला. काशीरामनं प्रसंग ओळखला आणि गंमत केल्यासारखं हसला. पण जेवताना त्याला भात, सुकट आणि सोलकढी तिन्ही एकाच चवीची लागली. म्हणजे कुठल्याच नाही. नाकामागोमाग जीभही गेली होती.

त्यानं कोणाला सांगितलं नाही. शेवंतीवहिनींना सांगावं तर त्या धोंडूच्या बायकोला सांगणार, ती धोंडूला, आणि धोंडूच्या पोटात तर पाणी जेमतेम राहायचं. शेठला कळलं असतं तर पुन्हा पोती उचलायची वेळ, आणि पन्नाशीला आलेल्या पाठीला ते झेपणारं नव्हतं. तेव्हा काशीराम रोज गोदामात जायचा, मुठीवर नाक टेकवायचा, डोळे मिटायचा आणि मनाला येईल तो चेहरा करायचा. दोन पोती पास, एकाला ओठ, मधेच एखादा तिसरा चेहरा, म्हणजे धाक राहायला बरं. हे बरं चाललं होतं. खरी भीती फाल्गुनाची होती. फाल्गुनात नवं जिरं यायचं आणि शेठ वर्षाची सगळी खरेदी काशीरामच्या नाकावर करायचा. तिथं अंदाजानं चेहरे केले असते तर वर्षभराच्या मालाची वाट लागली असती.

डॉक्टर आमच्या बिल्डिंगीच्या खालीच बसायचे. त्यांच्या बाकावर सगळं पंतनगर बसलेलं असे आणि तपासण्याच्या खोलीला दाराऐवजी पडदा होता. म्हणून काशीरामनं ओळखीचं कोणी जाणार नाही असा वैद्य शोधला. असल्फ्याच्या चढावर हकीम खतीब यांचा युनानी दवाखाना होता. हकीमसाहेब मूळचे राजापूरचे. भिंतभर काचेच्या बरण्या, एक तवा, एक खल, आणि मांडीवर मांजर. त्यांनी काशीरामची नाडी धरली, इतका वेळ की मांजर उठून दुसरीकडे गेलं.

"डोक्यात थंडी बसलीय," ते म्हणाले. "थंड आणि ओली. तिला उठवायला गरम आणि खुश्क काहीतरी हवं."

खुश्क म्हणजे कोरडं. हकीमसाहेबांच्या शास्त्रात प्रत्येक वस्तूला मिजाज असतो, म्हणजे स्वभाव: गरम नाहीतर थंड, ओला नाहीतर कोरडा, आणि त्यात पुन्हा दर्जे. त्यांनी एक बरणी उघडून काशीरामच्या तळहातावर चिमूटभर काळं बी ठेवलं. कलौंजी. गरम आणि खुश्क, बहुतेक तिसऱ्या दर्जाची. दुसऱ्या दर्जाची म्हणणारेही हकीम होऊन गेले, पण त्यांच्याबद्दल खतीबसाहेबांचं मत बरं नव्हतं.

गोदामात इतकी वर्षं काढूनही काशीरामनं हे बी पाहिलं नव्हतं. शेठचा तो माल नव्हता आणि मालवणी मसाल्यात मावत नाही असं फार थोडं आहे, त्यात हे एक. हकीमसाहेबांनी ते त्याला नवऱ्या मुलाला मुलगी दाखवावी तसं रीतसर दाखवलं. रंग काळा, पण बिनचमकीचा, कोरड्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखा. आकार तीन कोनांचा. बोटांना खरखरीत लागतं, तिळासारखं निसटत नाही. आख्खं असताना वास जवळजवळ नाही. चुरडलं की मात्र बोलायला लागतं. आधी ओवा, त्याच्या मागे कांद्याची सुकलेली साल, मग थोडा कापूर, आणि सगळ्यात शेवटी शाईची नवी दौत उघडावी तसं काहीतरी. चावलं तर पहिल्यांदा काहीच नाही. मग कडू. मग एक तिखट कळ टाळूवरून नाकात चढते आणि डोळ्यांना पाणी येतं. हे सगळं सोसून जो थुंकत नाही त्याला अगदी तळाशी किंचित गोडसर काहीतरी सापडतं. बहुतेक लोक तिथवर पोचत नाहीत.

"मौत सोडून सगळ्यावर हिच्यात इलाज आहे, असं आमच्यात सांगून ठेवलंय," हकीमसाहेब म्हणाले. "पण तिला घाई चालत नाही. आधी डोळ्यांत पाणी येईल. मग जिभेवर कडू येईल. नाक शेवटी येतं, मानाच्या जावयासारखं."

इलाज असा होता: काशीरामनं रोज मूठभर कलौंजी आणायची, हकीमसाहेब ती तव्यावर परतून, ठेचून, मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून देणार, आणि काशीरामनं ती हुंगून काय कळलं ते सांगायचं. पहिल्याच दिवशी पुरचुंडी नाकाशी धरल्यावर काशीरामची डावी भुवई सवयीनं वर गेली.

"भुवई खाली घे," हकीमसाहेब म्हणाले. "वास कसला आला?"

"चांगला."

"चांगला नावाचा वास नसतो रे. काय आलं ते सांग."

काशीरामला इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यानं बराच विचार करून काहीच आलं नाही असं कबूल केलं. हकीमसाहेबांना त्याचा आनंद झाला. खरं बोलणारा रोगी लवकर बरा होतो, असं ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं.

पुन्हा पुन्हा दुकानात जाताना कोणी बघायला नको म्हणून काशीरामनं दोन किलो कलौंजी एकदमच आणली आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात भरून फळीवर वर ठेवली. शेवंतीवहिनींना नवा डबा तासाभरात दिसला. हे काय आणलंत म्हणून त्यांनी विचारलं. पौष लागला होता, संक्रांत तोंडावर होती. काशीरामच्या तोंडून निघून गेलं, "तीळ. शेठच्या गावचे. गावठी आसत." आणि सुटलो म्हणून तो ते विसरूनही गेला. खोटं बोलणारा माणूस विसरतो, ऐकणारा विसरत नाही.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी काशीराम बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. आत शेवंतीवहिनींनी डबा उतरवला आणि ते गावठी तीळ कढईत ओतले. थोड्या वेळानं जिन्यात वास पसरला. तो वास मी स्वतः घेतला आहे. एखाद्या शाळेत ओव्याच्या गोणीला आग लागावी आणि शिपायानं ती शाईनं विझवावी, असं काहीसं ते होतं. वरच्या मजल्यावरच्या उत्तराबाई गोडबोले खाली आल्या आणि दारातूनच, काही जळतंय का गं शेवंती, असं विचारू लागल्या. शेवंतीवहिनींनाही शंका होतीच. पण घरात एवढं नाक असताना शंका मनात कशाला ठेवायची?

"ओ," त्यांनी आतून हाक मारली, "वास बघा मरे जरा. तीळ करापले काय?"

उत्तराबाई दारात उभ्या राहून बघतायत. काशीरामनं पेपर खाली ठेवला, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. डावी भुवई वर गेली.

"एक नंबर," तो म्हणाला. "गावठी तिळाक असोच वास येता."

विषय मिटला. उत्तराबाई वर गेल्या आणि त्यांनी पॉलिशच्या पांढऱ्या तिळांमुळे आपण अस्सल तिळाचा वासच कसा विसरलो आहोत हे घरात समजावून सांगितलं. शेवंतीवहिनींनी गुळाचा पाक केला आणि भराभर लाडू वळले. चाखून कोणी पाहिलं नाही. लाडू आधी देवाला दाखवायचे होते, आणि नैवेद्याचं चाखायची पद्धत घाड्यांकडे नाही. ही पद्धत फार जुनी आहे. ती घालणाऱ्यांनी कलौंजी पाहिली नसावी.

संक्रांतीला सकाळी देवानं नैवेद्य घेतला आणि काही बोलला नाही. मग शेवंतीवहिनी ताट घेऊन दारोदार निघाल्या. इतर कुठल्याही दिवशी आमच्या बिल्डिंगीनं त्या लाडवांबद्दल काय ते स्पष्ट सांगितलं असतं. आमच्याकडे स्पष्ट बोलण्याची उणीव नाही. पण त्या दिवशी तिळगूळ घेतला की गोड बोलायचं असतं, आणि लाडू तोंडात असतानाच बोलायचं असतं. त्यात काशीरामनं पास केलेला माल. उत्तराबाईंचे यजमान श्यामकांतराव पोस्टात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी अर्धा लाडू खाल्ला, कठड्याला धरून काही वेळ उभे राहिले, डोळ्यांतलं पाणी टिपलं आणि म्हणाले, "वहिनी, आईची आठवण झाली." शेवंतीवहिनींना भरून आलं. त्यांनी अजून दोन लाडू दिले. मी माझा लाडू गोड बोलून घेतला आणि घरात गेल्यावर कुंडीत पुरला. दुपारच्या आतच बिल्डिंगीची पाण्याची टाकी रिकामी झाली, आणि भर पौषात सगळ्या घरांतले पंखे फिरत होते.

शेठसाठी वेगळा डबा होता. धोंडू सकाळी लवकर निघायचा, त्याच्याबरोबर तो पुढे गेला. काशीरामनं निघताना एक लाडू तोंडात टाकला आणि जिन्यातच थबकला. कडू! जिभेवर अगदी स्पष्ट कडू, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. महिना-दीड महिन्यात पहिल्यांदा त्याच्या जिभेला काहीतरी कळलं होतं. तिळाचा लाडू कडू लागतोय म्हणजे अजून गडबड आहे खरी, पण हकीमसाहेबांनी क्रम असाच सांगितला होता. पाणी, मग कडू, मग नाक. आनंदानं त्यानं दुसरा लाडू खिशात घातला आणि असल्फ्याचा चढ जवळजवळ पळत चढला.

हकीमसाहेबांना त्यानं सगळं एका दमात सांगितलं. साधा तिळगुळाचा लाडू, तोही मला कडू लागला, आता फाल्गुनाची चिंता नाही. हकीमसाहेबांनी शांतपणे खिशातला लाडू मागून घेतला, एक तुकडा मोडून तोंडात ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ चघळला. शेवटच्या गोडसर टोकापर्यंत गेलेला आमच्या परिसरातला तो पहिला माणूस.

"जवारिश केलीस, आमचं पोटाचं पाचक," ते म्हणाले. "मी मधात करतो, तू गुळात केलीस. भाजणी थोडी जास्त झाली, पण चांगली आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जीभ बरोबर सांगतेय रे. लाडूच कडू आहे. कलौंजीचा आहे."

काशीरामला फळीवरचा डबा आठवला, शेवंतीवहिनींना दिलेलं उत्तर आठवलं, आणि धोंडूच्या हातातला शेठचा डबा आठवला. बिल्डिंगीत कोणाला कलौंजी माहीत नव्हती. पण प्रेमजी शेठ मसाल्यात जन्मलेला माणूस. दाण्याला हात न लावता त्यानं ओळखली असती. तो निघाला तेव्हा हकीमसाहेब मागून सांगत होते की एका वेळी एकच द्यायचा, लहान मुलांना अर्धा.

गोदामात पोचला तेव्हा शेठ गादीवर एकटाच बसला होता. समोर डबा उघडा. एक लाडू फोडून त्याचे दाणे कागदावर वेगळे केलेले होते.

"काशीराम," शेठ म्हणाला, "हे तू पास केलं?"

"होय शेठ."

"वास घेऊन?"

काशीरामनं खाली मान घातली आणि सगळं सांगितलं. सर्दी, सुकट, हकीम, पुरचुंडी, डबा. कधीपासून म्हणून शेठनं विचारलं, तेव्हा मार्गशीर्षापासून म्हणून सांगितलं. शेठ मनाशी एकेक माल आठवत राहिला.

"मार्गशीर्षापासून आपला एक पण माल परत नाय आला," तो शेवटी म्हणाला.

काशीरामला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"मग इतकी वर्षं मी तुझ्या नाकाचं काय करत होतो?"

शेठच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता, आणि ते जास्त वाईट होतं. नाक गेल्याचं काशीरामला दुःख होतं. ते नसल्यानं काही बिघडलं नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला थप्पीतली पोती दिसली, त्यांच्याखाली स्वतःची पाठ दिसली, आणि न ठरवता, अगदी मनापासून, त्याचा सगळा चेहरा हळूहळू मागे जायला लागला.

त्याच वेळी धण्यांचा एक दलाल नमुन्याची पुडी घेऊन दारातून आत आला होता. पुडी अजून बांधलेलीच होती. त्यानं काशीरामचा चेहरा पाहिला, आणि पाय जागच्या जागी थांबले.

"शेठ, भावाचं आपण बघून घेऊ," तो दारातूनच म्हणाला. "माझी जिद नाय."

शेठनं पुडीकडे पाहिलं, दलालाकडे पाहिलं, मग काशीरामकडे पाहिलं. कागदावरचे कलौंजीचे दाणे त्यानं गोळा करून डब्यात टाकले आणि झाकण लावलं.

"जा," तो काशीरामला म्हणाला, "कामाला लाग."

शेवंतीवहिनींना काशीरामनं खरं काय ते कधी सांगितलं नाही. बिल्डिंगीतही कोणी विचारलं नाही. श्यामकांतरावांचा जुना पडशाचा त्रास त्या हिवाळ्यात गेला, त्याचं श्रेय ते पोस्टाच्या बदललेल्या वेळेला देत. काशीराम हकीमसाहेबांकडे मात्र जात राहिला. माघात एका संध्याकाळी पुरचुंडी हुंगताना त्याला ओवा आला. मग कांद्याची साल. मग शाई. त्यानं एकेक सांगितलं, भुवई खाली ठेवून. हकीमसाहेबांनी मांजराला बाजूला केलं आणि त्याला चहा पाजला.

फाल्गुनात नवं जिरं आलं. गोदामात दलालांची रांग लागली, शेठ गादीवर टेकून बसला, आणि पहिली मूठ काशीरामच्या नाकाखाली आली. त्यानं डोळे मिटले. इतक्या महिन्यांनी आलेलं नाक, त्यावर ताजं जिरं. ऊन, माती, वाळलेलं गवत, आणि खाली काहीतरी लिंबासारखं. काशीरामचा चेहरा विरघळला. दोन्ही भुवया वर, ओठ कानापर्यंत. दुसरी मूठ आली. तीही सुंदर. तिसरी त्याहून सुंदर. त्याला खरं तर सगळंच आवडत होतं. चौथ्या मुठीला तो चक्क म्हणाला, "वा."

दलालांनी एकमेकांकडे पाहिलं. भाव चढायला लागला.

शेठ गादीवरून उठला. काशीरामच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थप्पीच्या आड घेऊन गेला.

"काशीराम," तो हळूच म्हणाला, "तोंडानं श्वास घे."

काशीराम परत येऊन उभा राहिला. पुढची मूठ आली. त्यानं मुठीवर नाक टेकवलं, तोंड किंचित उघडं ठेवलं, डोळे मिटले. दलाल श्वास रोखून बघत होता. त्या वर्षी शेठला जिरं स्वस्तात मिळालं, आणि धोंडू सांगतो, वासालाही बरं होतं.